आनंदाच्या सणात दुःख घेऊन कुठे बसायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई जाऊन दीड वर्ष झालं. एरवी दिवस कसेबसे निघतात, पण डिसेंबर लागला की मन बसतं. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ख्रिस्तजन्माची गीतं सुरू झाली की गळा दाटतो आणि तुम्ही उठून बाहेर येता. एका ज्येष्ठ सभासदांनी आपुलकीनेच सांगितलं, की तारणारा जन्मला यावर विश्वास असेल तर एवढं उदास राहायचं कारण नाही. तेव्हापासून दुःख आहे ते आहेच, वर अपराधीपणाही आलाय. म्हणून तुम्ही विचारता: या उदासीत काही आध्यात्मिक अर्थ असू शकतो, की माझाच विश्वास कमी पडतोय? आणि यंदा २५ तारखेला उपासनेला जावं की जाऊ नये?

मी पाळक आहे. अंत्यविधी हा माझ्या कामाचा भाग आहेच, पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. पाहुणे परतलेले असतात, फोन थांबलेले असतात, घरातली माणसं एकमेकांसमोर रडायलाही बिचकत असतात, तेव्हा त्यांच्याकडे जाऊन बसायचं असतं. अशा घरांना डिसेंबर फार जड जातो. तुमच्यासारखा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, बहुतेक वेळा निघता निघता, दारात उभं राहून. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. दुःख कसं घालवू, असं तुम्ही विचारलेलं नाही. तसं असतं तर चार युक्त्या सांगून मोकळं होता आलं असतं. तुमच्या लिहिण्यातून मला जे ऐकू येतं ते असं: नाताळची जी गोष्ट आपण सांगतो, तिच्यात माझ्यासारख्या माणसाला जागा आहे का? की डोळे पुसून, चेहरा नीट करून मगच आत यायचं? माझं उत्तर स्पष्ट आहे. जागा आहे, आणि ती कुणी दयेपोटी मागाहून करून दिलेली नाही. शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाची बायबलमधली पुस्तकं, लिहिणाऱ्यांनी ती पहिल्यापासून ठेवलेली आहे. आपण नाताळ साजरा करताना ती पानं गाळतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही मान्य करायला हवं. मृत्यू होऊन महिना झालेल्या माणसाला मी अर्थाबिर्थाबद्दल एक शब्द बोलत नाही. तेव्हा जेवण, झोप आणि सोबत एवढंच पुरतं. घरातल्या भांडणामुळे सणाला एकटं पडलेल्या माणसाचं दुःख वेगळं. त्यात राग असतो, क्षमेचा प्रश्न असतो, आणि काही वेळा त्या घरापासून दूर राहणंच योग्य असतं. मूल व्हावं म्हणून वर्षानुवर्षं प्रार्थना करणाऱ्या जोडप्याला बाळ येशूचा देखावा पाहणंही सोसत नाही. कुणाला काहीच गमावलेलं नसताना नुसतं रितं वाटतं. आणि कुणाची उदासी हा आजार असतो, त्यावर पुढे बोलतो. मी इथे लिहितोय ते मुख्यतः तुमच्यासारख्यांसाठी, ज्यांचं जवळचं माणूस गेलंय आणि ज्यांना देवाशी बोलणं अजून सोडायचं नाही.

आता गोष्टीकडे येऊ. लूक आपलं शुभवर्तमान कुठून सुरू करतो बघा. देवदूतांच्या गाण्यापासून नाही. जखऱ्या आणि अलीशिबा या म्हाताऱ्या जोडप्यापासून. दोघंही नीतिमान, आज्ञा पाळणारी, आणि तरीही मूलबाळ नाही. लूक हे मुद्दाम शेजारी शेजारी लिहितो, म्हणजे यांच्या दुःखाला यांचं काही चुकलं असेल ही पळवाट आपल्याला उरत नाही. अलीशिबेला दिवस गेल्यावर ती म्हणते, की लोकांमध्ये माझी जी मानहानी होत होती ती प्रभूने दूर केली. म्हणजे इतकी वर्षं ती केवळ दुःख सोसत नव्हती, लोकांची बोलणीही सोसत होती. तुम्हाला जे ऐकावं लागलं त्याची जात तीच आहे.

पुढे बाळ ४० दिवसांचं असताना मरीया आणि योसेफ त्याला मंदिरात नेतात. तिथे शिमोन नावाचा एक भक्त बाळाला हातात घेतो, देवाची स्तुती करतो, आणि लगेच आईकडे वळून सांगतो की तुझ्या स्वतःच्या जिवातून तलवार जाईल. आशीर्वाद आणि तलवार एकाच भेटीत. त्याच वेळी हन्ना नावाची संदेष्ट्री येते. तिच्याबद्दल लूक अगदी हिशेबाने सांगतो: ७ वर्षांचा संसार, मग वैधव्य, आता वय ८४. देवाने जिची आयुष्यभराची वाट पाहणं सार्थकी लावलं, तिच्या नुकसानीचे आकडेही त्याच ओळीत नोंदवलेले आहेत. बाळ पाहिल्यावर तिचं वैधव्य पुसलं गेलं असं कुठे लिहिलेलं नाही. ती विधवा म्हणूनच आभार मानते, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना त्या बाळाबद्दल सांगत राहते.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं पान मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, बाळाला भेटी देऊन परत जातात, योसेफाला स्वप्नात इशारा मिळतो, तो रातोरात मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसर देशाला निघतो. मागे बेथलेहेमात हेरोद राजा दोन वर्षांच्या आतले सगळे मुलगे मारून टाकतो. इथे मत्तय थांबतो आणि यिर्मया संदेष्ट्याचं वचन घेतो: रामा येथे रडण्याचा आणि आकांताचा आवाज ऐकू आला, राहेल आपल्या मुलांसाठी रडत आहे, आणि ती सांत्वन होऊ देत नाही, कारण ती मुलं आता नाहीत.

ही राहेल कोण? याकोबाची बायको. उत्पत्तीच्या ३५व्या अध्यायात ती बेथलेहेमच्या वाटेवर बाळंतपणात मरते. शेकडो वर्षांनी, इ.स.पू. सहाव्या शतकात, यरुशलेम पडलं आणि बेड्या घातलेल्या कैद्यांना बाबेलला नेण्याआधी रामा इथे आणलं गेलं. तेव्हा यिर्मयाला ही मेलेली आई रडताना ऐकू आली. आणि त्यानंतर काही शतकांनी मत्तयाला, बेथलेहेमच्या आयांचं रडणं कसं सांगावं हे सुचवायला, पुन्हा तीच आठवली. एकच रडणं पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत राहतं आणि पवित्र शास्त्र ते बंद करत नाही.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. यिर्मयाच्या पुस्तकात या वचनाला लागूनच पुढची वचनं आहेत: रडू नकोस, डोळे पूस, तुझी मुलं परत येतील. मत्तयाला ती नक्कीच ठाऊक असणार. तरी तो ती घेत नाही. राहेल सांत्वन नाकारते तिथेच तो वचन सोडून देतो. देव तिला दटावत नाही, तिचा विश्वास कमी आहे असं कुणी म्हणत नाही. योसेफाला स्वप्न पडलं तसं त्या इतर बापांना का पडलं नाही, याचंही उत्तर मत्तय देत नाही. तो फक्त त्या रडण्याला ख्रिस्तजन्माच्या गोष्टीत आत घेतो आणि तिथेच राहू देतो.

एकदा आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांतल्या, उपासनेत मी हा उतारा वाचला. नंतर सगळे गेल्यावर एक बाई थांबल्या. खूप वर्षांपूर्वी त्यांचं बाळ जन्मताच गेलं होतं. हातातली पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या एवढंच म्हणाल्या, "हे बायबलमध्ये आहे, आणि तेही नाताळच्या गोष्टीत आहे, हे मला आजवर कुणी वाचून दाखवलंच नव्हतं." त्या रडत नव्हत्या. चिडल्या होत्या. मला त्यांचं चिडणं अगदी रास्त वाटलं.

मंडळीच्या पंचांगाकडे पाहिलं तरी हेच दिसतं. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. ज्या परंपरांमध्ये तो पाळतात, तिथे बहुतेक ठिकाणी या काळाचा रंग जांभळा असतो, म्हणजे वधस्तंभाच्या स्मरणाआधीच्या उपवासकाळाचाच. हा काळ मुळात वाट पाहण्याचा आहे. प्रभू एकदा आला हे आठवायचं आणि तो पुन्हा येईल, सगळे अश्रू पुसेल, याची वाट पाहायची. वाट तोच पाहतो ज्याला काहीतरी कमी आहे. आणि सण उजाडल्यावरही पंचांग आपल्याला फार वेळ विसरू देत नाही: २६ तारखेला दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाचं, पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याचं, स्मरण, २८ तारखेला बेथलेहेमच्या त्या बालकांचं. अलीकडे पाश्चात्त्य देशांतल्या बऱ्याच मंडळ्या २१ डिसेंबरच्या आसपास, उत्तर गोलार्धातल्या सर्वांत लांब रात्री, शोकात असणाऱ्यांसाठी वेगळी शांत उपासना ठेवतात. कमी गाणी, नावं घेऊन मेणबत्त्या, बराच वेळ मौन. २१ डिसेंबर हा जुन्या पंचांगात थोमाचा दिवस होता. जखमांना हात लावल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा शिष्य. मला हा योग फार आवडतो.

म्हणजे इथपर्यंत एवढं झालं: नाताळात उदास असणं हे गोष्टीच्या विरुद्ध नाही. आता त्या ज्येष्ठ सभासदांच्या बोलण्याकडे येतो, कारण ते तुम्हाला टोचत राहिलंय.

त्यांच्या मनात बहुधा प्रेषित पौलाचं वचन असावं, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातलं, १३वं. ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा तुम्ही खेद करू नये. हे वचन अर्धंच लक्षात राहतं. पौल खेद करू नका म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. आशा असलेला माणूसही रडतो. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला, आणि तो तर काही क्षणांनी लाजराला उठवणार होता. पुनरुत्थान माहीत असणं आणि रडणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसात, एकाच वेळी मावतात, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. नीतिसूत्रांमध्ये तर एक वचन थेट आपल्या डिसेंबरबद्दल लिहिल्यासारखं आहे: खिन्न मनाच्या माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवसात अंगावरचं वस्त्र काढून घेणं (२५:२०). त्यामुळे गीतं सुरू झाल्यावर तुमचा गळा दाटतो याचं नवल नाही. ही नीतिसूत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या शलमोन राजालाही नवल वाटलं नसतं. त्या सभासदांवर राग धरू नका, पण त्यांचं म्हणणं देवाचं म्हणणं समजूही नका.

आता अर्थाचा प्रश्न. इथे मी जरा हळू चालतो, कारण याच ठिकाणी आपण धार्मिक माणसं सर्वांत जास्त जखमा करतो. "देवाला तुला काहीतरी शिकवायचं असेल", "तिची तिकडे जास्त गरज असेल", "यातूनच तू मोठा होणार." मी ही वाक्यं बोलत नाही. आई का गेली याचं कारण, आणि तिच्या जाण्यानंतरच्या दुःखातून देवाशी काय घडू शकतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं उत्तर शोधायला निघालेले ईयोबाचे मित्र आठवा, मुलं-मालमत्ता सगळं गमावलेल्या त्या नीतिमान माणसाचे. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडून कारणमीमांसा करायला लागले तिथे बिघडलं. पुस्तकाच्या शेवटी देव या मित्रांना सांगतो की माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. आणि ईयोब काय बोलत होता? तक्रारच करत होता, पानंच्या पानं, पण ती बरीचशी देवाच्या तोंडावर.

माझ्या अनुभवात आध्यात्मिक अर्थ इथेच सापडतो. दुःख मनातल्या मनात गोल गोल फिरत राहिलं तर ते माणसाला पोखरतं. तेच दुःख कुणाला तरी उद्देशून बोललं गेलं, देवाला उद्देशून, की त्याची प्रार्थना होते. ते हलकं होतंच असं नाही. पण ते एकट्याचं राहत नाही. शास्त्रात याला विलाप म्हणतात आणि १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं याच प्रकारची आहेत. म्हणजे देवाने आपल्या लोकांच्या हाती जे प्रार्थनेचं पुस्तक दिलं त्याचा एवढा मोठा भाग तक्रारीने भरलेला आहे. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एक ओळसुद्धा आशेची नाही, तरीही ते गाळलेलं नाही.

शिकायचं असेल तर १३वं स्तोत्र घ्या, सहाच वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांतच चार वेळा "कोठवर?" येतं. मला कायमचा विसरलास का, तोंड कोठवर लपवशील, मनातल्या मनात कोठवर झुरू. मग मागणं येतं, माझ्याकडे पाहा, उत्तर दे. आणि शेवटी भरवसा. मी शोकातल्या माणसांना हाच साचा देतो. कागदाचे चार भाग करा. पहिल्यात देवाला हाक. दुसऱ्यात तक्रार, सभ्यपणा बाजूला ठेवून. तिसऱ्यात मागणं, छोटं आणि नेमकं, आज रात्रीपुरतं. चौथ्यात भरवसा, असेल तर.

एक गृहस्थ आहेत, ओळख पटणार नाही एवढंच सांगतो. हाताशी आलेला मुलगा गेला. त्यांनी हे चार भाग घरातल्या जुन्या हिशेबाच्या वहीत पाडले. पहिल्या चौकोनात "प्रभू" एवढंच लिहिलं. दुसरा चौकोन पुरला नाही, समास ओलांडून अक्षरं बाहेर गेली आणि पेन इतकं दाबलं होतं की मागच्या पानावर ओळी उमटल्या होत्या. तिसऱ्यात: "आज रात्री झोप दे." चौथा कोरा. मला वही दाखवून त्यांनी विचारलं, "इथे खोटं लिहू का?" मी म्हटलं, कोरं सोडा. तेव्हापासून ते अधूनमधून लिहितात. चौथा चौकोन अजूनही बहुतेक वेळा कोराच असतो. पण पहिला चौकोन त्यांनी एकदाही कोरा सोडलेला नाही. कुणी मला विचारलं की या माणसाचा विश्वास कुठे आहे, तर मी त्या पहिल्या चौकोनाकडे बोट दाखवेन.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी मुद्दाम मागे ठेवली होती. तुम्ही लिहिलंय की कधी कधी दिवसभर आईची आठवण येत नाही आणि रात्री ते लक्षात आलं की दुःख कमी झाल्याचंच वाईट वाटतं. हे खूप जणांना होतं, बोलत कुणी नाही. इथे मला डीट्रिख बॉनहोफर यांचं एक पत्र आठवतं. हिटलरच्या राजवटीला विरोध करणारे हे जर्मन पाळक एप्रिल १९४३ पासून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होते. १९४३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी आपली भाची आणि जिवलग मित्र या जोडप्याला लिहिलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आपल्या प्रिय माणसाच्या नसण्याची भरपाई कशानेच होत नाही आणि ती करायचा प्रयत्नही करू नये. देव ती पोकळी भरून काढतो असं म्हणणं चुकीचं आहे. तो ती भरत नाही, रिकामीच ठेवतो, आणि त्यामुळेच त्या माणसाशी असलेलं आपलं नातं टिकून राहतं, मग त्यात वेदना का असेना. हे तुरुंगात बसलेल्या माणसाने नाताळच्या तोंडावर लिहिलंय. एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी दिली गेली.

मी हे अनेक घरांत सांगितलंय आणि त्याने माणसं सुटकेचा श्वास टाकताना पाहिली आहेत. देवाने आईची जागा घ्यावी अशी तुमच्याकडून अपेक्षाच नाही. तिची जागा तिचीच राहील. आठवण न येता एखादा दिवस गेला तर ती जागा बुजत नाही. आणि आठवण येऊन तुम्ही मोडून पडलात तर देवाला तुम्ही नाकारलंत असंही होत नाही. आईसाठी देवाचे आभार मानता येतात आणि ती गेल्याची तक्रारही त्याच्याकडेच करता येते, एकाच प्रार्थनेत. पुढे केव्हातरी हेच दुःख तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या दारात घेऊन जाईल, रडणाऱ्यांबरोबर रडा या पौलाच्या सांगण्याचा अर्थ तेव्हा समजेल. त्याची घाई नको.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा सोळाव्या शतकातला सल्ला, जो मला आजही तंतोतंत लागू वाटतो: मन कोरडं आणि उदास असताना आधी शांतपणे घेतलेले निर्णय बदलू नयेत. मंडळी सोडायची, सेवा सोडायची, घर विकायचं, भावाशी संबंध तोडायचा, असलं काही डिसेंबरमध्ये ठरवू नका. जानेवारी उलटू द्या.

दुसरी जास्त महत्त्वाची. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आपण कुचकामी आहोत असं वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नको असे विचार येत असतील तर वाट पाहू नका, आजच कुणाला तरी सांगा, हेल्पलाइनला फोन करा, एकटे राहू नका. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. औषध घेणं म्हणजे प्रार्थनेवर अविश्वास नव्हे. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून "आता मला मरण दे" म्हणत होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने त्याला हलवून उठवलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं आणि म्हटलं, तुझ्या शक्तीपलीकडचा प्रवास आहे. देवाशी बोलणं त्यानंतर, पर्वतावर. शरीराची काळजी आधी, हा क्रम शास्त्राचाच आहे.

राहिला २५ तारखेचा प्रश्न. मला वाटतं, जमत असेल तर जा, पण तुमच्या अटींवर. मोठ्या, गर्दीच्या उपासनेऐवजी दुसरी एखादी लहान वेळ असेल तर ती निवडा. दाराजवळच्या बाकावर बसा, म्हणजे उठून जावं लागलं तर कुणाच्या नजरा झेलाव्या लागणार नाहीत. एका माणसाला, एकालाच, आधी सांगून ठेवा: मला कदाचित रडू येईल, शेजारी बस, पण समजावू नकोस. गीतं म्हणता येत नसतील तर म्हणू नका. इतर जण गात असतात तेव्हा ते तुमच्या वतीनेही गात असतात, मंडळी याचसाठी असते. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, असेल तर ते मात्र घ्या. त्यासाठी प्रसन्न चेहरा लागत नाही, रिकामे हात पुढे करावे लागतात एवढंच. तुमच्या पाळकांना आठवडाभर आधी गाठून विचारा, की प्रार्थनेत यंदा शोकात असलेल्यांची आठवण कराल का. बहुतेक पाळक करतील. आपल्याला कुणी सांगितलं तर कळतं.

आणि नाहीच जाववलं तर घरी राहा, त्यात पाप नाही. मग २८ तारखेला, गडबड ओसरल्यावर, मत्तयाचा दुसरा अध्याय १३व्या वचनापासून १८व्या वचनापर्यंत मोठ्याने वाचा. राहेलपाशी आलात की थांबा, आईचं नाव घ्या, आणि पुढे जे काही देवाला म्हणायचं असेल ते म्हणा. चौथा चौकोन कोरा राहिला तरी चालेल.